आमचा तास कुणीतरी मागच्या बाकावर बसून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजला सिव्हिल शिकवते, 13 वर्षं झाली. माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पहिलीच्या लेकरांना शिकवायच्या आधी तिला डी.एड. करावं लागलं, पाठ टाचण काढायचं, सराव पाठ घ्यायचे, आणि मागं बसलेल्या मॅडम कुठं चुकलं ते वहीत लिहून द्यायच्या. मला यातलं काहीच करावं लागलं नाही. एम.टेक. झालं, इंटरव्ह्यू झाला, दुसऱ्या आठवड्यात हातात खडू आणि समोर 60 पोरं. आमच्याकडं डिग्री बघतात, फर्स्ट क्लास बघतात, शिकवता येतं का हे कुणी बघत नाही, मग ज्याला जसं शिकवलं गेलं तसंच तो पुढं शिकवत राहतो, फळ्यावर डेरिव्हेशन लिहायचं आणि पोरांनी ते उतरवून घ्यायचं.

ट्रेनिंगच नाही असं मी म्हणत नाही. आयआयटी मुंबईनं रिमोट सेंटरवरून हजारो प्राध्यापकांना एकाच वेळी शिकवलं, त्यातून मी स्वतः विषय बराच शिकले. एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या अटल अकादमीच्या एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांसाठीची छोटी ट्रेनिंगं, असतात, तंत्रशिक्षणातल्या शिक्षकांना शिकवणारी भोपाळची एनआयटीटीटीआर ही संस्था आहे, नवीन लागलेल्यांसाठी स्वयम पोर्टलवर 8 मॉड्यूलचा कोर्स आहे. हे सगळं चालू राहावं. पण प्रमोशनच्या फाईलला सर्टिफिकेट लागतं म्हणून लॉगिन करायचं, कॅमेरा बंद ठेवायचा आणि इकडं पेपर तपासत बसायचं हे मी पाहिलंय आणि मीही केलंय, खोटं कशाला बोलू. शुक्रवारी सर्टिफिकेट येतं, सोमवारी वर्गात परत तेच.

माझं शिकवणं खरं बदललं ते दोन वर्षांपूर्वी. ताईच्या सांगण्यावरून मी आमच्याच डिपार्टमेंटच्या एका मॅडमना म्हटलं की तुम्ही माझ्या तासाला मागं बसा आणि जे दिसतं ते फक्त लिहा, चांगलं-वाईट काही म्हणू नका. तास संपल्यावर त्यांनी कागद दिला. मी 11 प्रश्न विचारले होते, त्यातल्या 8 ची उत्तरं मीच देऊन टाकली होती, पोरांना विचार करायला दोन-तीन सेकंदसुद्धा दिले नव्हते, उरलेल्या तिन्हींची उत्तरं पुढच्या बाकावरच्या त्याच दोघांनी दिली आणि डावीकडच्या मुलींच्या रांगेतून पूर्ण तासात एक शब्द आला नाही. रात्री झोप लागली नाही मला. 11 वर्षं मी समजत होते की माझा वर्ग इंटरॅक्टिव्ह आहे.

मग हळूहळू बदल केला. प्रश्न विचारून गप्प राहायचं, आधी शेजारच्याशी बोलू द्यायचं, मराठीत बोलले तरी चालेल. भूकंपाचं बळ शिकवताना सूत्राच्या आधी मी किल्लारीवर आले, 30 सप्टेंबर 1993. आमची पोरं तेव्हा जन्मलेली पण नव्हती पण घरोघरी आजी-आजोबांनी सांगितलेलं असतंच. म्हटलं, माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं एवढी का पडली, सांगा. औसा तालुक्यातला एक मुलगा, जो कधी तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला, मॅडम, आजोबा दर पावसाळ्याआधी माळवदावर नवीन माती टाकायचे, जुनी तशीच, मग वर वजन किती झालं असेल. तिथूनच सगळा धडा निघाला, वजन जितकं जास्त तितकं भूकंपाचं बळ जास्त, खाली दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांना ताण सोसत नाही, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे लांब दगड नाहीत, की भिंत फुगून फुटते. लिंटेलला बँड, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा आडवा पट्टा, कशासाठी हे मला सांगावंच लागलं नाही, मागच्या रांगेतल्या एका मुलीनं सांगितलं. इनोव्हेटिव्ह टीचिंग म्हटलं की आमच्याकडं आधी स्मार्ट बोर्डचं कोटेशन मागवतात, त्या दिवशी माझ्याकडं खडूच होता.

माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक एफडीपीनंतर त्या प्राध्यापकाचे निदान दोन तास कुणीतरी वर्गात बसून बघावेत, एक लगेच आणि एक सेमिस्टरच्या शेवटी, आणि त्याशिवाय सर्टिफिकेट देऊ नये. त्यासाठी भोपाळहून माणूस यायची गरज नाही. नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज आहे, संभाजीनगरचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यांनी आजूबाजूच्या कॉलेजांच्या प्राध्यापकांना हे निरीक्षण कसं करायचं ते शिकवावं, पुढं आम्ही एकमेकांचे तास बघू. मात्र तो कागद ज्याचा तास त्याच्याच हातात राहिला पाहिजे, प्रिन्सिपॉलच्या टेबलावर किंवा गोपनीय अहवालात गेला की दुसऱ्या दिवसापासून सगळे नाटकी तास घेतील आणि खरं काही दिसणार नाही.

आणि तासिका तत्त्वावरच्या लोकांना यातून वगळू नका. कितीतरी ठिकाणी फर्स्ट इयरचे तास तेच घेतात, ट्रेनिंगला गेले तर त्या दिवसाचे पैसे बुडतात म्हणून ते जात नाहीत आणि कॉलेजही पाठवत नाही. ट्रेनिंगच्या दिवसांचं मानधन त्यांना मिळालं पाहिजे, त्यांचा तास बघायला कुणीतरी गेलं पाहिजे, कारण खेड्यातून आलेलं लेकरू इंजिनिअरिंगला टिकणार की पहिल्याच वर्षी बॅकलॉगमध्ये अडकणार हे त्याच वर्गात ठरतं.

आपली,
एक प्राध्यापिका, जि. लातूर