मका आणि चुन्याची निवळी

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा मसुदा वाचला. युरोपीय लोक पोहोचण्यापूर्वीच्या अमेरिकेतील पिरॅमिड, माया लोकांचे पंचांग आणि शून्यासाठी त्यांनी योजलेले शिंपल्याचे चिन्ह हे सारे तू नीट मांडले आहेस. मात्र ‘त्यांना चाक ठाऊक नव्हते, म्हणून ते मागासलेले राहिले’ हे वाक्य मला खटकले. मेक्सिकोत चाके लावलेली मातीची जुनी खेळणी सापडली आहेत; नव्हते ते गाडीला जुंपायला बैल किंवा घोडे.

माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कामगिरी दगडात नसून मक्यात आहे, आणि तुझ्या मसुद्यात मक्याला अर्धी ओळही मिळालेली नाही. तेओसिंते नावाच्या रानगवताच्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे असतात आणि प्रत्येक दाणा टणक कवचात बंद असतो. दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यातील लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी या गवताचे निवडक बी राखून पेरायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती निवड चालू ठेवून त्यातून मका घडवला.

त्याहून मला थक्क करते ती तो शिजवण्याची रीत. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचे, सकाळी चोळून धुवायचे आणि पाट्यावर वाटायचे. गेल्या रविवारी मी आजीच्या पानाच्या डब्यातील चुन्याची निवळी घेऊन हे मुद्दाम करून पाहिले. सकाळी दाणे चोळताच साले सुटून बोटांना चिकटली, आणि मक्याच्या पिठाची भाकरी थापताना एरवी कडेला जशी चिरते, तशी ती या वेळी चिरली नाही.

युरोपीयांनी मक्याचे बी नेले, पण चुना मागेच ठेवला. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात कासाल नावाच्या वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरिबांत त्वचा लाल व खरखरीत करणारा एक रोग नोंदवला. पुढे उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याने, म्हणजे पेलाग्राने, असंख्य बळी घेतले. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अशा रूपात अडकलेले असते की ते शरीराला घेता येत नाही, आणि चुना ते मोकळे करतो. नायसिनचा हा संबंध प्रयोगशाळेत उलगडायला १९३७ साल उजाडले. मेक्सिकोतील बायका तोवर हजारो वर्षे रोज रात्री मका चुन्यात भिजत घालत होत्या, आणि त्यांच्या गावांत हा रोग क्वचितच दिसे.

चाकाचे ते वाक्य खोडून त्या जागी हे लिही. नवा मसुदा लवकर पाठव. आजी चुन्याच्या डबीची रोज चौकशी करते आहे.

तुझी,
आई