प्रोग्रॅमिंगची सुरुवात आकारांपासून करावी

महोदय,
प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे अजूनही बऱ्याच ठिकाणी बेरजा छापण्यातच संपतात. क्लास (म्हणजे वस्तूचा साचा) आणि ऑब्जेक्ट (त्या साच्यातून बनलेली एकेक वस्तू) समजावून द्यायचे तर पडद्यावर हलणाऱ्या आकारांसारखे साधन नाही. २००१ मध्ये सुरू झालेले ‘प्रोसेसिंग’ आणि ब्राउझरमध्ये चालणारे ‘पी-फाइव्ह’ ही कोडने चित्रे काढण्याची दोन्ही साधने मोफत आहेत.

‘वर्तुळ’ नावाचा क्लास लिहावा. त्यात केंद्राची जागा सांगणारे एक्स आणि वाय, व्यास, रंग आणि दोन मेथड, म्हणजे क्लासने करायची कामे: एक वर्तुळ काढणारी, दुसरी माउस आत आहे का ते सांगणारी. मुले अडकतात ती इथेच. काढताना व्यास द्यावा लागतो, पण तपासताना केंद्र ते माउस हे अंतर त्रिज्येपेक्षा कमी हवे. क्लिकने रंग बदलायचा असेल आणि व्यासाशी तुलना केली, की वर्तुळाबाहेर क्लिक करूनही रंग बदलतो! ओढायला घेताच आकार उडी मारतो, कारण त्याचे केंद्र थेट माउसखाली आणलेले असते. बटण दाबताक्षणी केंद्र आणि माउस यांच्या जागांतला फरक साठवून ठेवावा आणि ओढताना तो कायम राखावा. आकार एकमेकांवर असतील तर आकारांची यादी शेवटून तपासावी, कारण शेवटी काढलेला सर्वांत वर दिसतो. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचे चित्र पुन्हा काढताना दर वेळी, पार्श्वभूमी नव्याने रंगवली नाही, तर मागे रंगाचा फराटा राहतो.

इन्हेरिटन्सची (एका क्लासवरून दुसरा क्लास बनवण्याची) घाई मात्र शिक्षकांनी करू नये. आधी एकाच क्लासची वीस वर्तुळे पडद्यावर हलू द्यावीत, चौकोन नंतर.

– एक संगणक शिक्षक