२०२० साली पाचवीत आलेला वर्ग

पाटण, जि. सातारा
फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा आमच्या दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ झाला. २० फेब्रुवारीपासून बोर्डाची परीक्षा सुरू होत असल्याने प्रवेशपत्रांचे वाटपही त्याच दिवशी केले. आईने फोनवर कार्यक्रमाविषयी विचारले तेव्हा छान झाला एवढेच मी सांगितले; परंतु मुले त्या दिवशी जे बोलली ते तुम्हां दोघांपर्यंत नीट पोहोचावे असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

हा वर्ग जून २०२० मध्ये पाचवीत आला. आला म्हणजे पटावर नावे चढली, कारण त्या जूनमध्ये शाळा भरलीच नाही. इकडची कितीतरी घरे मुंबईच्या कमाईवर चालतात, घरटी एखादा तरी माथाडी कामगार असतो, हे बाबांना ठाऊक आहेच. टाळेबंदीत ती कुटुंबे गावी परतली आणि त्यांच्या मुलांचे दाखले आमच्या हायस्कूलमध्ये आले. त्यामुळे एकाच वर्गात वाडीवस्तीवरची मुले आणि मुंबईहून आलेली मुले अशी दोन गावांची भरती झाली, आणि त्यांनी कित्येक महिने एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते. घरातला एकुलता एक फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर जाई. काही वाड्यांना रेंजच नव्हती, तिथली मुले पवनचक्क्यांच्या सड्यावर चढून जात आणि धडा उतरवून घेऊन खाली येत. मग एकाने उतरवलेली वही पाच-सहा घरांत फिरत असे. २७ जानेवारी २०२१ रोजी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, तेव्हा तोंडावर मास्क असल्यामुळे ही मुले एकमेकांना आधी अक्षरावरून ओळखत होती, चेहऱ्यावरून नाही. परवा एका मुलीने हे सांगितले आणि सारा वर्ग हसला. मला मात्र क्षणभर पुढचे सूत्रसंचालन सुचले नाही.

त्यानंतर शाळा पुन्हा बंद झाली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आपल्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, ते दिवस तुम्ही फोनवर जागून काढले होते. त्याविषयी समारंभात कोणी बोलले नाही, आणि कोणी बोलावे असे मलाही वाटले नाही. मुलांना भरभरून बोलायचे होते ते सहावीच्या चालण्याविषयी. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडली आणि दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला. तो मिटून गाड्या सुरळीत व्हायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. वाडीवरची मुले रोज चालत येऊ लागली. वाटेत एक ओढा लागतो, तिथे पुढे गेलेल्यांनी थांबायचे आणि शेवटचा गडी पोहोचल्याशिवाय निघायचे नाही, असा नियम त्यांनी आपसांत केला होता. "उशीर झाला तर सगळ्यांनाच व्हायचा, मग बाई एकट्याला कसे रागावणार?" असे त्यातल्याच एका मुलाने माइकवरून विचारले. ही मुले एवढ्या लांबून एकत्र का येतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो नियम त्यांनी आम्हां शिक्षकांना कधीही सांगितला नव्हता.

मला सर्वांत अधिक आनंद झाला तो एका मुलीच्या भाषणाने. ती नवी मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आली होती आणि पाचवीत तिला 'कृष्णा' किंवा 'राष्ट्र' असे शब्द नीट लिहिता येत नसत. तिच्या बाकावरची मैत्रीण मधल्या सुट्टीत डबा संपला की तिला जोडाक्षरे घालून देई आणि त्या बदल्यात तिच्याकडून इंग्रजीचा धडा वाचून घेई. हा व्यवहार सहा वर्षे चालला. आठवीत पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने आली, त्या पानांवरही दोघींनी एकमेकींसाठी शब्द लिहून ठेवले आहेत. तिने ते पुस्तक सोबत आणून सर्वांना दाखवले. पेन्सिलने लिहिलेला 'उज्ज्वल', त्यातला दुसरा 'ज' आधी राहिलेला आणि मग लाल शाईने वर चढवलेला, असे ते पान माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. भाषण तिने शुद्ध मराठीत, कागद न पाहता केले.

बाबा, या मुलांची दोन वर्षे वाया गेली असे सर्रास बोलले जाते. अभ्यासाची हानी झाली हे मी नाकारणार नाही. भागाकार आणि शुद्धलेखन यांत ती आठवीपर्यंत मागे होती आणि त्यासाठी आम्हां सर्वांनाच खपावे लागले. परंतु मी आजवर शिकवलेल्या वर्गांमध्ये एकमेकांना इतके धरून राहणारा दुसरा वर्ग मला आठवत नाही. सातवीत असताना काही कुटुंबे पुन्हा मुंबईला गेली, त्या मुलांची नावेही परवा व्यासपीठावरून घेतली गेली. त्यांपैकी काहींनी व्हिडिओ कॉलवरून सारा कार्यक्रम पाहिला. तुम्ही नेहमी म्हणता की वर्ग शिक्षकाचा नसतो, मुलांचा असतो. परवा ते मला पुरते पटले.

आता बाबांना एक विनंती आहे. ज्या मैत्रिणीने जोडाक्षरे शिकवली, तिला परिचारिका व्हायचे आहे आणि अकरावी विज्ञानासाठी मिरजेला यायचे आहे. तिथे तिचे नात्याचे कोणी नाही. गेल्या वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होऊ लागल्यामुळे महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी राहण्याची सोय ठरलेली बरी. मुलींच्या शासकीय वसतिगृहात अर्ज केव्हा घेतात, कोणती कागदपत्रे लागतात आणि उत्पन्नाची अट काय आहे, याची चौकशी आपण करावी. आई, सुरुवातीचे काही दिवस तिला आपल्याकडे राहावे लागले तर तुझी हरकत नसावी असे मी गृहीत धरले आहे. तसे नसेल तर मोकळेपणाने कळव. मुलगी कामसू आणि अबोल आहे, तुला तिचा त्रास होणार नाही.

उत्तरपत्रिका तपासून झाल्या की मी मिरजेला येईन. आईने गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि बाबांनी उन्हात स्टेशनपर्यंत चालत जाऊ नये.

आपली,
लेक