सूचना: मुलांच्या डोक्यावरचे चट्टे
पालकहो, बालवाडीतल्या दोघा मुलांच्या डोक्यावर रुपयाएवढे केस गेलेले दिसले. पापुद्रे, खाज आणि तुटक्या केसांचे काळे ठिपके असतील तर तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग. फणी, टोपी, टॉवेलवरून पसरतो. मांजराच्या पिल्लाकडूनही येतो. ही बुरशी केसात शिरलेली असते, नुसत्या मलमाने जात नाही. पोटातून औषध, तेही सहसा ६ ते ८ आठवडे. खोबरेल चोपडून चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत थांबू नका, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचारोग विभागात दाखवा.

चट्टा गुळगुळीत असेल तर बहुधा चाई, म्हणजे चट्ट्याचट्ट्याने केस गळणे. ती पसरत नाही, त्यामुळे त्या मुलाला वेगळे बसवू नये. (घट्ट वेण्यांनीही कपाळाजवळचे केस जातात, आयांनो!)

सोमवारपासून ज्याची त्याची फणी दप्तरात, नाव घालून.