भिंत आहे, जांगड पावती कुठाय?

माननीय पर्यटनमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

छोट्या गावातल्या निवास-न्याहारी घरांनी स्थानिक कलाकारांची चित्रं लावावीत म्हणून सजावटीला अनुदान द्या, अशी मागणी आपल्यापर्यंत येत असेल. आमचं म्हणणं वेगळं आहे. पैसा नंतर, आधी कागद.

हा व्यवहार बहुतेक तोंडी चालतो. चित्रकार चार चित्रं आणून देतो, मालक म्हणतो, ‘विकली की पैसे देतो.’ सहा महिन्यांनी एका चौकटीचा कोपरा उडालेला दिसतो आणि तो कुणाकडे उडाला याचा पत्ता लागत नाही. उद्या घरावर जप्ती आली तर मालकाच्या सामानात चित्रंही जाऊ शकतात, कारण ती दुसऱ्याची आहेत हे दाखवणार कशाने? म्हणून घराच्या नोंदणीच्या अर्जाला जांगड पावतीचा, म्हणजे विकला जाईपर्यंत माल दुसऱ्याकडे ठेवल्याच्या पावतीचा, एक छापील नमुना जोडा. त्यात चित्राचं नाव, माध्यम, चौकटीसकट माप, पुढचा-मागचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो, विक्रीची किंमत, घराचा वाटा, पैसे किती दिवसांत मिळणार, चित्र परत कधी, नुकसानभरपाई कोणाची हे सगळं यावं. आणि ‘विक्रीची पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालकी कलाकाराची’ ही ओळ. घराच्या विम्यात दुसऱ्याची वस्तू आपोआप धरली जाईल असं समजू नये, तेही मालकाने आधी विचारून घ्यावं. वाटा २० ते ३० टक्के पुरे. गॅलरीसारखा निम्मा घ्यायचा तर गॅलरीसारखं विकूनही दाखवावं लागेल.

अनुदान द्यायचंच असेल तर ते टांगणीला द्या. एका खिळ्यावरचं चित्र दार आपटलं की तिरकं होतं. चौकटीच्या मागे वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर दोन कड्या, भिंतीत दोन हुक आणि खालच्या कोपऱ्यांना रबराच्या दोन टिकल्या एवढंच लागतं. टिकल्यांमुळे मागे हवा खेळते. नाहीतर बाहेरच्या भिंतीची ओल धरून पाठीला बुरशी येते. कागदावरच्या चित्राची काच कागदाला टेकता कामा नये, दमट हवेत रंग काचेला चिकटतो. मध्ये जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घाला. न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. न्याहारीच्या खोलीत जलरंग तर नकोतच, वाफ आणि तळणाचा धूर त्यांना खातो. तिथे मातीची भांडी मांडा.

उजेडाचं गणित मालकांना माहीत नसतं. जलरंग, कापड, छापचित्रं यांना सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि तैलरंगांना २०० लक्स ही संग्रहालयांची रूढ मर्यादा, आणि भर उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो. शिवाय उजेडाचा मार साठत जातो. उडालेला रंग परत येत नाही. त्यामुळे खिडकीसमोरची भिंत रिकामी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी चित्रं बदला. (नवं चित्र दिसलं की परत आलेला पाहुणाही थबकतो, हा वरकड फायदा.)

घराच्या जाहिरातीत चित्राचा फोटो वापरायला वेगळी लेखी परवानगी हवी. चित्र विकत घेतलं म्हणून ते छापायचा हक्क मिळत नाही. १८८६ च्या बर्न करारापासून लेखक-कलाकारांच्या हक्कांना आंतरराष्ट्रीय संरक्षण आहे, तरी चित्रांची पोस्टकार्डं आणि चहा-कॉफीचे मग सर्रास छापले जातात. राहण्याच्या बदल्यात चित्र घेतलं तर किती रात्री आणि चित्राची किंमत काय, हेही पावतीवर यावं.

विक्री अडते ती भलत्याच ठिकाणी. किंमत लिहिलेली नसते आणि पाहुणा विचारायला संकोचतो. शेजारी कार्ड लावा: नाव, माध्यम, किंमत. पिशवीत मावणारी, २० बाय ३० सेंटिमीटरची कामं हाताशी ठेवा. बांधताना बुडबुड्यांचं प्लॅस्टिक थेट रंगावर कधीच नको. नवा तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो आणि प्रवासाअंती त्यावर गोल गोल ठसे उमटलेले निघतात. आधी ग्लासिन हा गुळगुळीत, न चिकटणारा कागद, कोपऱ्यांना पुठ्ठा, मग प्लॅस्टिक.

पावतीचा मसुदा आम्ही करून देतो. खात्याने तो छापून अर्जाला जोडावा.

आपले,
निवास-न्याहारी घरं चालवणारे आणि त्यांच्या भिंतींवर चित्रं टांगणारे