फॉरेन्सिकच्या विद्यार्थ्यांना चूक मोजायला शिकवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागले की नाशिकमध्ये प्रवेशाचे फलक झळकू लागतात आणि अलीकडे त्यात फॉरेन्सिक सायन्सच्या पदवीचे फलक ठळकपणे दिसतात. त्याला कारणही आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम 176(3) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसे लागणार, आणि ती आज वर्गात बसलेल्या मुलामुलींमधूनच येणार. त्यांना संशोधन कसे शिकवले जाते, यासाठी हे पत्र.

मी नाशिकच्या न्यायालयात फौजदारी वकिली करते. सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचे अहवाल), पंचनामे, मुद्देमालाच्या याद्या हे माझे रोजचे वाचन. मध्यंतरी एका महाविद्यालयाने मला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांच्या परीक्षणाला बोलावले होते. प्रकल्प दिसायला नेटके होते. आत मात्र इंटरनेटवरून उतरवलेला इतिहास, किटचे फोटो आणि शेवटी ‘ही पद्धत विश्वासार्ह आहे’ असा निष्कर्ष. किती नमुने तपासले, त्यातले किती चुकले, याची एक ओळ बहुतेकांत नव्हती.

एका मुलीने मात्र खरे काम केले होते. रक्ताच्या प्राथमिक चाचणीत डाग कापसाच्या बोळ्याने पुसून घेतात, त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. काही सेकंदांत गुलाबी रंग आला, तर डाग रक्ताचा असू शकतो. तिने मुळ्याच्या रसाचा डाग घेतला, तोही गुलाबी झाला. मार्गदर्शकांनी ‘प्रयोग फसला’ म्हणून तो भाग अहवालातून काढायला लावला. मला फार वाईट वाटले, कारण त्या साऱ्या वह्यांमध्ये संशोधन म्हणावे असे तेवढेच होते. मुळ्यात, बटाट्यात पेरॉक्सिडेज नावाचे विकर असते, ते या चाचणीत रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखेच वागते. ही गोष्ट शास्त्रज्ञांना जुनीच माहीत आहे. पण पुढचे प्रश्न त्या मुलीला सुचू शकले असते: डाग वाळल्यावर किती दिवस रंग देतो? रस उकळल्यावर विकर निकामी होते, मग रंग येतो का? लोखंडी विळ्यावर आणि सुती कापडावर फरक पडतो का? उद्या भाजी चिरायचा विळा जप्त होऊन आला, तर आरोपी आणि फिर्यादी दोघांच्याही दृष्टीने याच उत्तरांना मोल आहे.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल, त्याला साक्षीला न बोलावताही, पुराव्यात वाचता येतो. कायद्यात ती सोय आहे आणि कामाचा बोजा पाहता ती समजण्यासारखीही आहे. पण मग कित्येकदा उलटतपास होतच नाही. प्रयोगशाळेत झालेली चूक तिथेच पकडली गेली नाही, तर पुढे ती कोणाच्या नजरेस पडेल याची खात्री नाही.

आणि चूक अनुभवी माणसाचीही होते. 2004 च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयच्या तज्ज्ञांनी एका बोटाच्या ठशावरून अमेरिकेतल्या एका वकिलाला अडकवले. ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे स्पेनच्या पोलिसांनी दाखवले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. पुढे 2006 मध्ये संशोधक इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांनी पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांसमोर ठशांची एकेक जोडी ठेवली. ती जोडी त्यांनी स्वतःच पूर्वी जुळवलेली होती. सांगितले मात्र असे, की हे माद्रिद प्रकरणातले ते चुकलेले ठसे आहेत. पाचांपैकी चौघांनी आपले आधीचे मत बदलले. हा प्रयोग वर्गात करायला शाईचा पॅड, कागद आणि भिंग पुरते. अर्ध्या वर्गाला ‘संशयिताने कबुली दिली आहे’ असे सांगायचे, उरलेल्यांना काहीच सांगायचे नाही. कोणाची उत्तरे किती बदलली, ते मोजायचे. पूर्वग्रह म्हणजे काय, हे त्यानंतर निराळे शिकवावे लागणार नाही.

नाशिकमध्ये विषयांचा तर अजिबात तुटवडा नाही. बुडून मृत्यू झाला की मृतदेह पाण्यात टाकला, हे ठरवताना अस्थिमज्जेतले डायटम पाहतात. सिलिकाचे कवच असलेली ही पाण्यातली सूक्ष्म शैवाले तीव्र आम्लातही टिकतात; जिवंत माणूस बुडताना पाणी आत ओढतो, तेव्हा ती रक्तावाटे मज्जेपर्यंत पोहोचू शकतात. पण मज्जेत सापडलेल्या जाती ज्या पाण्याशी ताडून पाहायच्या, त्या पाण्याची नोंद आधी हवी. गोदावरीवर गंगापूर धरण, रामकुंड, टाकळी, पुढे नांदूरमध्यमेश्वर. दर महिन्याला पाण्याचे नमुने घेऊन कोणत्या ऋतूत कुठे कोणत्या जाती असतात, याची यादी विद्यार्थी करू शकतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालते, जाती ओळखायला तिथल्या अभ्यासकांची मदत मागता येईल. एका तुकडीने सुरू करावे, पुढच्या तुकडीने चालू ठेवावे.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमुळे कीटकनाशके घरोघरी आहेत आणि विषबाधेची प्रकरणेही आमच्याकडे येतात. कीटकनाशक सांडलेला सदरा पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडून राहिला, तर किती आठवड्यांनंतर ते सापडेनासे होते? पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर (मिश्रणातले घटक वेगळे करण्याची एक साधी पद्धत) हे तपासता येते, महागडे यंत्र लागत नाही. मृतदेहावरच्या माशीच्या अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूला किती काळ लोटला ते ठरवतात, तेही तापमानावर अवलंबून. निफाडच्या जानेवारीतले आणि नाशिकच्या मे महिन्यातले आकडे एक कसे असतील? परदेशी पुस्तकातले तक्ते इथे जसेच्या तसे लावून चालणार नाही.

चालू गुन्ह्यातला मुद्देमाल विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये, हे उघड आहे. खाटकाकडचे रक्त, शेतातली माती, नदीचे पाणी त्यांना पुरेसे आहे. माझी मागणी एवढीच, की शहरातल्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेने आणि पोलीस अकादमीने दरवर्षी महाविद्यालयांना आपल्याला अडलेल्या प्रश्नांची यादी द्यावी. विद्यापीठाने प्रकल्पाचे गुण देताना चुकांचे प्रमाण नोंदवणे सक्तीचे करावे. ज्या विद्यार्थ्याचा निकाल अपेक्षेविरुद्ध आला, त्याचे गुण त्या कारणाने कापू नयेत. आम्हा वकिलांपैकी कोणी सराव म्हणून या मुलांचा उलटतपास घ्यायला हवा असेल, तर मी शनिवारी दुपारी यायला तयार आहे.

आपली,
एक फौजदारी वकील, नाशिक