विश्वस्तपदाविषयी आई-बाबांना

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

किडनीच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या इथल्या एका धर्मादाय संस्थेचे विश्वस्तपद मी स्वीकारले आहे, हे फोनवर सांगितले तेव्हा बाबांनी दोनच गोष्टी विचारल्या : पगार किती, आणि सह्या कशाकशावर कराव्या लागतील. पगार नाही आणि मानधनही नाही. सह्यांचे मात्र फोनवर नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा, तुम्ही सोसायटीचे गटसचिव होतात आणि न वाचता सही ठोकणारे संचालक तुम्ही पुष्कळ पाहिलेत, तेव्हा तुमची शंका रास्तच आहे. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि पुढे हिशेबात गफलत निघाली तर उत्तर विश्वस्तांनाच द्यावे लागते. म्हणून होकार देण्याआधी मी मागचे लेखापरीक्षण अहवाल मागवून वाचले. त्यांच्या प्रती या पत्रासोबत पाठवीत आहे, तुम्हीही एकदा नजर घाला. आणखी एक अडचण अशी की, ज्या रुग्णालयाचा कारभार मी सांभाळते तिथेही डायलिसिस होते, आणि संस्था गरजू रुग्णांच्या उपचाराचे पैसे रुग्णालयांना देते. त्यामुळे आमच्या रुग्णालयाचा विषय निघेल तेव्हा मी बैठकीतून उठून बाहेर जाईन आणि तशी नोंद इतिवृत्तात होईल, हे मी पहिल्याच बैठकीत लेखी दिले आहे.

आता माझा तिथे उपयोग काय, हा आईचा प्रश्न. मंडळावर नामवंत डॉक्टर आहेत, उदार देणगीदार आहेत. रोजचे रुग्णालय चालवणारे मात्र कोणी नव्हते. डायलिसिसच्या एका वेळेला साधारण चार तास लागतात आणि मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने सुमारे 120 लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. ते शुद्ध करताना वाया जाणारे पाणी वेगळेच. दहा यंत्रे दिवसातून दोनदा चालवायची तर रोज 2,400 लिटर शुद्ध पाणी हाताशी हवे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. यंत्र द्यायला देणगीदार आनंदाने पुढे येतात, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. पाण्याची टाकी, शुद्धीकरणाच्या पडद्यांची बदली, तंत्रज्ञाचा पगार यांना मात्र कोणी वाली नसतो. पाणी आणि माणूस यांची वर्षभराची सोय कागदावर दिसल्याशिवाय नवे यंत्र स्वीकारू नये, असे मी सुचवले आहे. एक-दोन जणांना ते रुचलेले नाही, पण बंद पडलेली यंत्रे मी जवळून पाहिलेली आहेत.

तीच गोष्ट वेळांची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च निघतो, परंतु आठवड्यातून तीनदा येणाऱ्या रुग्णाचा आणि त्याच्यासोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोजगार कोणत्याही योजनेत बसत नाही. गावाकडच्या रुग्णाला सकाळी सहाची पाळी दिली तर त्याला आदल्या रात्रीच येऊन बसस्थानकात पडून राहावे लागते, आणि संध्याकाळची दिली तर शेवटची एसटी निघून जाते. दुपारची पाळी बाहेरगावच्यांसाठी राखून ठेवायला एक पैसाही लागत नाही. लागते ती फक्त शहरातल्या रुग्णांना समजावून सांगण्याची तयारी.

ऊसतोड कामगारांबद्दल अजून मंडळात एकमत नाही. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही किडनी निकामी होण्याचे प्रमाण मोठे आढळले आहे, आणि भर उन्हातले कष्ट व अपुरे पाणी हे त्याचे एक कारण मानले जाते. आपल्या बीडच्या कोयत्यांनाही, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्यांनाही, तेच होते, असे तपासल्यावाचून म्हणणे मला पटत नाही. किडनीतला बिघाड निदान तीन महिने टिकून असल्याशिवाय त्याला दीर्घकालीन आजार म्हणता येत नाही, त्यामुळे एका दिवसाचे शिबिर घेऊन छायाचित्रे काढण्यात फारसा अर्थ नाही. टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडण्याआधी एकदा आणि हंगाम संपवून परतल्यावर पुन्हा, त्याच माणसांची तपासणी व्हावी, आणि त्यासाठी गावागणिक नावांची वही ठेवावी, असा माझा आग्रह आहे. वही सांभाळणार कोण, यावर घोडे अडले आहे. मला वाटते, गावोगावच्या आशा सेविकांना योग्य मोबदला देऊन हे काम सोपवावे.

बैठका रविवारी असतात, तेव्हा आईने माझ्या जेवणाखाण्याची काळजी करू नये. उलट काळजी मलाच आहे. गुडघे दुखले की आई दुकानातून गोळी आणून घेते. अशा वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेतल्या तर किडनीला अपाय होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नकोस. बाबांचा रक्तदाब जुना आहे. दोघांनीही या आठवड्यात रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. किडनी बरीच खराब होईपर्यंत बहुधा काही दुखत-खुपत नाही, त्यामुळे ‘मला काय झालंय’ हे कारण चालणार नाही. तपासणीचे कागद व्हॉट्सॲपवर पाठवा, मी त्याच दिवशी आमच्या डॉक्टरांना दाखवते.

तुमची,
लेक